कोटाचा कच्चा टाका

आमच्या कारखान्यात कोटाचं कापड कापणारे आम्ही दोघं. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मला ताई. मास्तरला कात्री धरायला मीच शिकवलं, त्याला तीन वर्षं झाली. पगार मात्र त्याचा माझ्या दीडपट. का, तर तो मास्तर! माणूस गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. राग मालकांवर आहे, आणि थोडा स्वतःवर.

कारण याआधी दोनदा मी मालकांच्या खोलीत जाऊन आले होते. दोन्ही वेळा अंगात खडूने माखलेला एप्रन, गळ्यात मापाची टेप. मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "बरं झालं ताई आलात, एवढ्या बाह्या बघून घ्या." की मी बाह्या घेऊन बाहेर. पगार मागायला गेले आणि काम घेऊन आले! एप्रन बघितला की समोरच्याला कामच आठवणार, दुसरं काय.

म्हणून या खेपेला ठरवलं, कोट घालूनच जायचं. स्वतःच्या पैशाच्या कापडाचा, स्वतः कापलेला, गडद निळा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यांना ऐट दिली, पण माझ्या खांद्याचं माप कधी घेतलंच नव्हतं. नवऱ्याला टेप धरायला उभं केलं, तर त्याने तीनदा तीन वेगळे आकडे सांगितले. शेवटी अंदाजाने कापला आणि अगदी बरोबर बसला.

त्या सकाळी सासूबाईंनी कोटाला इस्त्री केली.

"भांडायला चाललीस की मिरवायला?"

"दोन्ही."

"मग मान वर ठेव. आणि 'जमलं तर बघा' असं म्हणू नकोस. तुझी ती खोडच आहे."

बोलल्या ते खरं होतं. मला पुढून-मागून फिरवून त्यांनी शेरा दिला, "एक सुरकुती नाही." चष्मा नसला तर सासूबाईंना सुरकुतीच काय, दारही दिसत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मी खोलीत शिरले तर मालक चक्क उठून उभे राहिले. गिऱ्हाईक समजले! ओळख पटल्यावर काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून "बसा" म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी वळून दार लावलं आणि बसले.

"मला मास्तरइतका पगार हवा. या महिन्यापासून." 'जमलं तर' जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"त्याला घर चालवायचंय, ताई. तुमच्या घरी नवरा कमावतोय की."

"कापड कापताना कापड मला हे विचारत नाही."

मालक खुर्चीत रेलले. "कोट झकास झालाय हां. पण मागच्या चिरेवरचा कच्चा टाका तसाच राहिलाय. मास्तरच्या हातून असं झालं नसतं, काय?"

कोट पक्का होईपर्यंत कापड जागेवर राहावं म्हणून घालतात ती ढिली पांढरी शिवण म्हणजे कच्चा टाका. गिऱ्हाइकाच्या कोटावर तो मी आजवर एकदाही विसरले नाही. पण स्वतःचं सगळ्यात शेवटी, तेही घाईत, ही आम्हा बायकांची जुनी रीत. कान तापले, हात मागे जायला निघाला. पण या कोटात पाठ वाकवताच येत नाही, मी तो तसाच कापलाय. हात परत मांडीवर आणून ठेवला.

"विसरले खरी," मी म्हटलं. "आता राहू दे. आपल्या धंद्यात ट्रायल होऊन समोरचा 'हो' म्हणेपर्यंत कच्चा टाका काढत नाहीत. तुम्ही हो म्हणा, काढते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर अशीच बाहेर पडते. याच रस्त्यावर कोट शिवणारे आणखी तिघं आहेत. तिथे ट्रायल देईन."

मालकांनी आपल्या कोटाची कॉलर सारखी केली. तो कोट माझ्याच हातचा. त्यांचा उजवा खांदा उतरता आहे आणि त्या बाजूला मी भर जास्त घालते, हे त्यांना आणि मलाच ठाऊक. मी नुसतं त्या खांद्याकडे बघितलं, शिवण नीट बसलीय का ते पाहावं तसं.

मालकांचा हात कॉलरवरून खाली आला.

"बरं," ते म्हणाले. "काढा आता तो दोरा, मास्तर."

मास्तर! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. उठून नाचावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोंडचा शब्द म्हणजेही कच्चा टाकाच.

"आधी लिहून द्या."

त्यांनी लिहिलं, खाली सही केली. कागद दोनदा वाचून मी खिशात घातला. हो, खिसे मी चांगले खोल ठेवलेत. मग उभी राहिले, हात मागे नेला, दोरा ओढून काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

दाराशी पोचते तोच मागून सवयीने हाक आली, "ताई, जाता जाता एवढ्या बाह्या..." आणि मालक स्वतःच अडखळले.

"ठेवा तिथेच," मी म्हटलं. "मास्तर एप्रन घालून येतायत."