झाकण लावायच्या आधी

कॉम्प्युटर बिघडला की सगळं शिरपूर ज्या माणसाला हाक मारायचं, त्याच माणसाच्या घरातला कॉम्प्युटर मला उघडायचा होता. मी कोण? यावलच्या केळीवाल्यांची मुलगी. मला घड उतरवता येतो, स्वयंपाक येतो, भांडण तर फारच छान येतं. पण मदरबोर्ड हा शब्दसुद्धा मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

योगराज म्हणजे माझे यजमान. कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, गावाला कॉम्प्युटर जोडून द्यायचे. मग हा स्नायूंचा आजार आला. आधी हात गेले, मग पाय, आणि गेल्या दिवाळीत बोलणं गेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी हात जोडले. राहिली मान आणि राहिले डोळे. तेव्हा त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. मॉनिटरवर एक कॅमेरा बसवायला लावला. मान हलली की पडद्यावरचा बाण हलायचा, बाण अक्षरावर थांबला की अक्षर उमटायचं, आणि वाक्य पूर्ण झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवायचा. तेही एका बाईच्या आवाजात! अहो, ज्या माणसाने हाक मारली की मेन रोडपर्यंत ऐकू जायची, तो माझा नवरा आता बाईच्या आवाजात म्हणायचा, "मोहिनी, पाठ खाजते." पहिल्या दिवशी मी खो खो हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

पण होतं ते बरं होतं. मान होती तोवर भांडण होत होतं, चहात साखर कमी पडली की टोमणा येत होता. उन्हाळा लागला आणि मान जायला लागली. केळीचं झाड घड जड झाला की कलतं आणि मग सरळ होत नाही, तशी त्यांची मान डाव्या खांद्यावर यायला लागली. बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसायचा. एक 'हो' लिहायला त्यांना घाम फुटायचा.

दुसरा प्रोग्राम होता, नुसत्या नजरेवर चालणारा. पण तो आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला की पंखा बोंबलायचा आणि पडदा गोठून जायचा. आमच्या लग्नाच्या वर्षी योगराजनी स्वतः जोडलेलं मशिन ते, त्याचं वय झालेलं. मोबाइलवरही करून पाहिलं, त्या एवढ्याशा पडद्यावर नजरेचा नेम बसेना. एकच उपाय होता. डबा तोच ठेवायचा, मॉनिटर तोच, आणि आतला मदरबोर्ड नि प्रोसेसर बदलायचा.

धुळ्याला प्रेमराज आहे, योगराजच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. तो म्हणाला, "वहिनी, मशिन पाठवून द्या, मी करून देतो." योगराजनी मान ओढत ओढत लिहिलं, "दुकानात नाही. माझ्यासमोर. तू कर." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना? मी?" त्या बाईने पुन्हा तेच वाचून दाखवलं, "तू कर." आता त्या बाईशी कोण भांडणार.

अडचण कुठे होती ते मला त्या रात्री अंथरुणात लक्षात आलं. काम करायचं तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार. कॉम्प्युटर बंद केला की ज्याला सगळं येतं त्याचंच तोंड बंद. मग मी कुणाला विचारू? योगराजना हे आधीच कळलेलं. पुढचे किती तरी दिवस ते जमेल तेवढं लिहीत राहिले, मी ऐकत राहिले, पाठ करत राहिले. आधी वायर काढ. लोखंडाला हात लाव, अंगातली वीज उतरू दे, मग बोर्डला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर त्रिकोण असतो तो जुळव. दाबू नको, ठेव. प्रोसेसर नि पंख्याच्या मध्ये लावायची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी. आणि सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट: प्रोसेसर बसतो त्या खाचेतल्या पिनांना हात लावायचा नाही. केसासारख्या बारीक असतात त्या, शेकड्यांनी. एक वाकली तरी बोर्ड गेला.

उरलेल्या प्रश्नांसाठी आमची खूण होती. वर बघितलं की हो. डोळे मिटले की नाही.

रविवारी सकाळी कॉम्प्युटर बंद केला. त्यांच्या पलंगासमोर टेबल ओढलं, त्यांना उशांनी टेकवून बसवलं. जुना बोर्ड काढला, ते काही अवघड गेलं नाही. प्रेमराजने पाठवलेल्या नव्या बोर्डची पेटी उघडली, बोर्ड पेटीवरच ठेवला, खाचेवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. आत त्या पिना, सोन्यासारख्या चमकत होत्या. योगराज त्यांच्याकडे असे बघत होते की मला मेलीला त्या पिनांचाच हेवा वाटला. "प्रोसेसर ठेवू ना आता?" विचारलं. त्यांनी वर बघितलं.

आणि तेवढ्यात खालून सिलेंडरवाला ओरडला. गेले तीन दिवस आम्ही शेजारच्या ज्योतीच्या शेगडीवर स्वयंपाक करत होतो, आता सोडला तर पुन्हा हा बाबा कधी उगवेल सांगता येत नाही. "आलेच हं," म्हटलं आणि पळाले.

वर आले तर सासूबाई टेबलापाशी उभ्या. शेवंताबाई माझ्या सासूबाईंचं नाव, सगळं घर त्यांना माय म्हणतं. हातात पूजेचं ताट. उदबत्तीचा वास. आणि बोर्डच्या मधोमध, बरोबर त्या खाचेत, ओल्या कुंकवाचं बोट उठलेलं, वर हळद, वर अक्षता.

सिलेंडरची पावती हातातून कधी पडली ते कळलंच नाही.

खरं सांगते, आमच्याकडे हे काही नवीन नाही. घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लागतं, मग ती मोटारसायकल असो की मिक्सर. योगराज गावाला कॉम्प्युटर द्यायला जायचे तेव्हा प्रत्येक घरची म्हातारी ताट घेऊन तयार असायची, आणि ते हसत हसत म्हणायचे, "काकू, आधी झाकण लावू द्या, मग काय लावायचं ते लावा." जन्मभर परक्या घरी सांगितलेलं वाक्य. मला एवढं सगळं शिकवलं, पण आपल्याच घरात ते सांगायचं राहून गेलं.

"माय! हे काय केलं?"

"नवी वस्तू घरमा उनी वं. हायद-कुकू नको लावू का? मना योगराज बोलाव शे त्यामा." त्या आनंदाने सांगत होत्या. त्यांचा मुलगा त्या पेटीतून बोलणार होता, म्हणून त्यांनी जिथे सगळ्यात जास्त चमकत होतं तिथेच कुंकू लावलं. देवाला लावतात तसं, जरा दाबून.

मग मात्र माझा ताबा सुटला. काय काय बोलले ते पुन्हा लिहवत नाही. एवढं सांगते, "त्यांचं तोंड बंद केलंत तुम्ही, स्वतःच्या हाताने बंद केलंत," हे मी ओरडले, आणि एकदा नाही. खालचे लोक गॅलरीत आले. मायने ताट छातीशी धरलं.

"मी त्याले इचारं," त्या पुटपुटल्या. "त्यानी वर दखं."

"वर? अहो, ते दाराकडे बघत असतील! मला शोधत असतील! ओरडत होते ते, माय, ओरडत होते, आणि तुम्हाला ते हो वाटलं?" मी योगराजकडे वळले. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतलेले, कडेने पाणी वाहत होतं. मिटले म्हणजे नाही. मला तेवढं पुरे होतं.

माय ताट ठेवून बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

प्रेमराजला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "वहिनी, दोन पिना आडव्या झाल्यात. असल्या कामाला मी पण हात लावत नाही. परतही कुणी घेणार नाही. दुसरा बोर्ड मागवतो, पण तुमच्या जुन्या रॅमला चालणारा हा जुना प्रकार आहे, बाहेरून यायला दोन-तीन आठवडे धरा."

दोन-तीन आठवडे! जुना बोर्ड परत बसवून काय करू? मान त्या दिवशी सकाळीच उचलली जात नव्हती. त्यांच्या मनात काय आहे ते आता फक्त हो आणि नाहीमध्ये मावायचं, आणि माणूस काय हो आणि नाहीवर जगतो का? मला पाठ खाजल्याचं ऐकायचं होतं. साखरेचा टोमणा ऐकायचा होता. ती बाई बोलायला हवी होती मला, कुठल्याही आवाजात. मी जमिनीवर बसले आणि त्यांच्यासमोर ढसाढसा रडले, लाज न बाळगता.

मी डोळे पुसून मान वर केली तर योगराज टक लावून माझ्याकडे बघत होते. मग नजर बोर्डकडे. मग माझ्याकडे. मग पुन्हा बोर्डकडे.

"मी करू?"

वर.

"सुईने?"

वर.

"आणि तुटली तर?"

डोळे मिटले नाहीत, वरही गेले नाहीत. नुसते माझ्यावर थांबले.

त्यांची पाठ पुसायचं स्पिरिट घरात होतंच. मऊ ब्रशने कुंकू काढलं, अक्षता एकेक करून चिमट्याने उचलल्या. मोबाइलने जवळून फोटो काढायचा, मोठा करून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा, विचारायचं, "ही? इकडे ढकलू? अजून?" वर. वर. मिटले. थांबायचं. हात पुसायचा. पुन्हा फोटो. घाम डोळ्यात जायचा. देवाचं नाव घ्यावं तर देवाच्याच कुंकवाने हे झालेलं, म्हणून मी त्यांचंच नाव घेत होते. पहिली पिन उभी राहिली. दुसरी अर्धी उठली आणि तिथेच अडली. मी विचारलं, "अजून?" त्यांनी डोळे मिटले. मी सुई बाजूला ठेवली.

प्रोसेसर ठेवला, त्रिकोण जुळवला. तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट. पंखा, रॅम, वायरी. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. "पिन गेली ना?" मिटले. "रॅम?" वर. रॅम काढून पुन्हा बसवली, कट्ट वाजेपर्यंत. बटण दाबलं.

पडदा उजळला. मी ओरडलेच, "आला! अहो, आला!"

नजरेच्या प्रोग्रामने पडद्यावर ठिपके दाखवले, योगराजनी एकेकाकडे बघितलं. मग अक्षरं आली. मान उशीवर पडलेली, नुसते डोळे फिरत होते, आणि अक्षर उमटत होतं. केवढं भराभर! मी बाजूला उभी राहून वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं पहिलं वाक्य माझं असणार. एवढं केलं होतं मी.

त्या बाईने वाचलं, "मायने विचारलं होतं. मी हो म्हटलं. तिला जेवायला बोलाव."

माझा चेहराच उतरला. म्हणजे मी त्या म्हातारीला उगाच एवढं बोलले? सकाळपासून त्या जिन्यात उपाशी बसलेल्या. मी ताट वाढलं आणि बाहेर गेले. "माय, चला. ते बोलताहेत. तुम्हीच बरोबर होतात, ते सांगताहेत बघा." त्यांना धरून आत आणलं, पलंगापाशी बसवलं. योगराजनी पुन्हा तेच वाक्य वाचायला लावलं.

माय ऐकत राहिल्या. वाक्य संपलं तशा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना हुंदका आवरेना.

"कसाले खोटं बोलस रे बेटा? मी कोठे इचारं तुले? मोहिनी चिडनी, माले भ्याव लागना, मंग तोंडमा उनं ते सांगं. मी नही इचारं."

मी ताट हातात धरून तशीच उभी. एवढे महिने गेल्यानंतर मोकळं झालेलं पहिलं वाक्य, आणि त्या माणसाने ते खोटं बोलण्यात घालवलं.

मायने त्यांच्या गालाला हात लावला. "तुले माहित व्हतं ना, मी इचारं नही ते?"

योगराजनी वर बघितलं.

मी ताट मायच्या मांडीवर ठेवलं, योगराजची पेज आणायला आत गेले, आणि तेवढ्यात मागून ती बाई बोलली, "मोहिनी, साखर घाल थोडी."