दोन ठोके

मिशीसुतारानं आपल्या मुलीची शवपेटी सगळी स्क्रूंनी बांधली. एकही खिळा मारला नाही. मुलगी मागच्या खोलीत निजवलेली होती, आणि त्या घरात लाकडावर दोनदा ठोकलं की ती यायची, असा तिच्या लहानपणापासूनचा शिरस्ता होता. आता ती येणार नाही हे त्याला चांगलं कळत होतं. तो काही वेडा नव्हता. पण हातोडी उचलायला हात धजेना, म्हणून तो पेचकस घेऊन दिवसभर गुपचूप स्क्रू पिळत बसला.

मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई ती रांगायला लागायच्या आधीच गेली. तेव्हा एका डॉक्टरांनी बापाला सांगून ठेवलं होतं की हिला हातवारे करू देऊ नका, हाताला सवय लागली की जीभ आळशी होते, मग ही जन्मात बोलायची नाही. सांगणाऱ्याचं काय जातं? सुतारानं ते ब्रह्मवाक्य मानलं. पोरगी हातानं काही दाखवू लागली की तो तिचे हात धरून खाली करायचा, शाळेत मास्तर हाताची घडी घालायला लावतात तसं. मग स्वतःच्या छातीकडे बोट करून म्हणायचा, "बाबा. म्हण, बा-बा." पोरगी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. दिसायची फक्त मिशी हलताना. मिशी उतरवा म्हणजे तिला ओठ तरी दिसतील, असं शाळेतल्या बाईंनी सुचवून पाहिलं, तर हा म्हणाला की बोलायला तिनं शिकायचंय, मिशीनं नाही. सल्ल्यातलं सोयीचं तेवढंच घ्यायचं ही माणसाची जुनी खोड.

'बाबा' काही ती म्हणाली नाही. पण तिला बोलवायचं तर हाक मारून उपयोग नव्हता. घर आणि कारखाना मिळून एकच लाकडी जमीन होती. तो कामाच्या टेबलावर मुठीनं दोन ठोके मारायचा, ते तिला पायातून कळायचे, आणि ती दारात उभी राहायची, पॉलिशचे हात पुसत. मग तो बोटानं दाखवायचा, हे धर, ते आण. बापलेकीत एवढंच बोलणं होतं. बाकी वेळ ती काही सांगू पाहायची आणि तो मान हलवत 'हो, हो' म्हणायचा.

गल्लीच्या टोकाला चर्च होतं. तिथली बाकं दुरुस्त करायचं काम निघालं तेव्हा मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल. बाप बाकाखाली घुसला होता आणि ऑर्गनवाल्या बाई सराव करत होत्या. मुलगी उठली, ऑर्गनच्या लाकडाला दोन्ही तळवे लावले, मग गाल लावला आणि डोळे मिटून घेतले. चर्चमध्ये सगळ्यांना चहा देणारी एक मावशी होती. तिनं ते पाहिलं. पुढच्या रविवारी ऑर्गनला चिकटून एक खुर्ची मांडलेली होती. ही कोण, कुणाची, आपल्यातली की बाहेरची, असं कुणी विचारलं नाही. खुर्ची तिची झाली.

तेवढ्यावर ती मंडळी थांबली असती तरी खूप होतं. पण मावशी म्हणाली की पाहुण्याला घरात घ्यायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही, हे कसलं स्वागत. मग दर शनिवारी खुणांची भाषा शिकवणारी एक बाई यायला लागली आणि सगळी मंडळी, संधिवाताच्या बोटांच्या म्हाताऱ्यांसकट, शिकायला बसली. सुरुवातीला नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत 'प्रार्थना करू या' म्हणायच्या ऐवजी 'भांडी घासू या' अशी खूण केली. मंडळी हसून लोटपोट झाली, आणि एक आजी खरोखरच उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. पण वर्षभरात गाणीसुद्धा हातांनी म्हटली जायला लागली. मुलगी मध्ये उभी राहून चुका सुधारायची.

सुतार तिकडे फिरकला नाही. मावशी त्याला बोलवायला आली होती. तो तिला स्पष्ट म्हणाला की माझ्या पोरीला हातवारे शिकवून कायमची मुकी करू नका. मावशीनं वाद घातला नाही. ती येतच राहिली, कधी चहा घेऊन, कधी नुसतीच, आणि जाताना सांगायची की तुमची जागा धरून ठेवलीय. मुलीला त्यानं अडवलं नाही हे खरं, पण गोडीनं पाठवलंही नाही. एकदा संध्याकाळी तो चर्चच्या खिडकीपाशी उभा राहिला. आत त्याची मुलगी हातांनी काहीतरी गोष्ट सांगत होती, भरभरून, आणि खोलीभर माणसं पोट धरून हसत होती. कशाला हसतात, हे त्या सगळ्यांत एकट्या तिच्या बापाला कळत नव्हतं. तो घरी आला आणि एका चांगल्या फळीवर इतका वेळ रंधा मारत बसला की ती वाया गेली. त्याला हेवा वाटला होता. कबूल करायची सोय नव्हती, कारण कबूल केलं असतं तर शिकायला जावं लागलं असतं.

मग एकाएकी ताप आला आणि मेंदूत गेला. पुरता आठवडाही मिळाला नाही. इस्पितळात मंडळीतलं कुणी ना कुणी सतत खाटेजवळ असायचं, ती काय म्हणते ते डॉक्टरांना सांगायला. बाप भिंतीला टेकून उभा असायचा. त्या दुपारी मावशी त्याच्यासाठी चहा आणायला खाली गेली आणि तो एकटा राहिला. मुलीच्या डाव्या हाताची शीर सुजली होती, म्हणून सलाईनची सुई उजव्या हातात हलवली होती. हात हलू देऊ नका, असं नर्सनं बजावलं होतं.

मुलीनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, सुईचा तो हात उचलला आणि काहीतरी म्हणाली. त्यानं 'हो, हो' केलं आणि हात हळूच खाली ठेवला. तिनं पुन्हा सोडवून घेतला आणि पुन्हा तेच म्हणाली. या वेळी त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरून गादीला लावला. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग हात सैल सोडला. मावशी चहा घेऊन वर आली तोवर मुलगी शुद्धीवर नव्हती, आणि ती पुन्हा आलीच नाही.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. तिचे ओठ कोरडे पडलेले त्याला दिसले होते. तिनं पाणी मागितलं असणार आणि आपण तिचा हात दाबून धरला, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. पेटीचे स्क्रू पिळताना त्याच्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. पोरगी तहानलेली गेली.

उपासनेच्या दिवशी पेटी ऑर्गनजवळ, तिच्या खुर्चीच्या जागी ठेवली. मंडळी जमायच्या आधी मावशी त्याला चर्चच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली, दोन घोट पोटात जावेत म्हणून. कप तसाच थंड होत राहिला. मावशीच त्याला इकडचं तिकडचं सांगत बसली. पोरीनं सगळ्यांना नावं ठेवली होती, मावशी म्हणाली, चांगल्या अर्थानं. ऐकू न येणारे माणसाला खुणेचं नाव देतात. पाळकसाहेबांचं नाव घसरलेला चष्मा वर करणं. ऑर्गनवाल्या बाईंचं नाव बोट ओलं करून पान उलटणं. मावशीचं नाव बशीवर फुंकर.

सुतारानं ऐकलं न ऐकलं. बराच वेळ तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय नव्हती, पण आज त्याला सरळ विचारवेना.

"मावशी, पाणी कसं म्हणतात?"

मावशीला वाटलं, त्याला प्यायला हवंय. मग तिच्या लक्षात आलं. तिनं अंगठा ओठांना लावून पेला रिकामा करतात तशी खूण केली. सुतारानं ती नीट पाहिली. पुन्हा करायला लावली. हे नव्हतं. त्याच्या छातीवरचा धोंडा एवढासा सरकला. पाणी नव्हतं मागितलं.

"मग हे काय असतं?" तो म्हणाला. त्यानं उजव्या हाताची मूठ वळली आणि स्वतःच्या छातीवर दोनदा ठोकली.

मावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"हे कुठं पाहिलंत?"

"तिनं केलं. शेवटी. दोनदा केलं. तुम्ही खाली गेला होता."

मावशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. 

"सुतारदादा, हे तुमचं नाव," ती म्हणाली. "तुम्ही टेबलावर ठोकता ना, ते तिला इथं लागायचं, छातीत. आमच्याकडे आली तेव्हा आम्हाला एकही खूण येत नव्हती, आणि तिनं पहिली हीच करून दाखवली होती. कारखान्याकडे बोट करून. बाबा म्हणून."

ज्या एका शब्दासाठी सुतारानं तिच्या हातांना वर्षानुवर्षं घडी घालायला लावली, तो शब्द ती त्या हातांनी रोज म्हणत होती. गल्लीच्या टोकाला सगळ्यांना तो माहीत होता. शेवटच्या दुपारी तिनं पाणी मागितलं नव्हतं, काहीच मागितलं नव्हतं. ती बाबा म्हणाली होती, आणि बाबानं तिचं तोंड दाबावं तसा हात दाबला होता. मग तो रडला, टेबलावर डोकं टेकून, आवाज करून, आणि मावशीनं त्याला रडू दिलं. उगी म्हणाली नाही. काही वेळानं त्यानं मिशी पुसली आणि विचारलं की आता शिकता येईल का. मग स्वतःच म्हणाला, "बैल गेला अन् झोपा केला."

"जागा धरून ठेवलीय," मावशी म्हणाली. ती नेहमी म्हणायची तेच.

उपासनेत गाणं हातांनी झालं. ऑर्गनवाल्या बाईंनी तरीही ऑर्गन वाजवला, कारण पेटी त्याला टेकवून ठेवली होती. मग एकेक जण पेटीपाशी आला. कुणी चष्मा वर केला, कुणी हवेतलं पान उलटलं, मावशीनं बशीवर फुंकर घातली. तिनं दिलेल्या आपापल्या नावानं जो तो निरोप घेत होता. त्यातल्या एकाचंही लक्ष सुताराच्या चुकीकडे नव्हतं. ते त्याच्यासाठी वाट करून देत होते.

तो शेवटी आला. छातीवर मूठ नेण्याचा प्रयत्न केला, पण ते नाव तिनं घ्यायचं होतं, आपलंच नाव आपण काय घ्यायचं. झाकणावर त्यानं स्वतः रंधा मारला होता. त्या लाकडावर त्यानं हात फिरवला. मग मूठ वळली आणि दोनदा ठोकलं.

आवाज चर्चभर घुमला. कुणी हललं नाही. दोन ठोके मारल्यावर हातातलं काम टाकून, पॉलिशचे हात पुसत दारापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो दाराकडे बघत उभा राहिला.