भांगेच्या बाजूनं सिद्धलिंग

आमच्या वसतिगृहात व्यसनाला कडक विरोध होता. व्यसन कशाला म्हणायचं, एवढं फक्त आम्ही ठरवायचो. बिडी हे व्यसन नव्हतं, कारण मेसचा आचारी ती ओढायचा आणि त्याला व्यसनी म्हटलं तर भाकरी करपायची. शिंदी हे व्यसन होतं, पण ते नापास झालेल्यांचं. गांजा गोसाव्यांचा, त्यात विद्यार्थ्यांनी शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यात लुडबूड. आणि भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद. तो शिवरात्रीला घेतात हे खरं. पण महादेव सोमवारीही असतो, आणि परीक्षा जवळ आली की तो बाकीच्या वारीही असावा, असं मुलांचं मत पडायचं.

हा प्रसाद वीरभद्र वाटायचा. तो तेरचा. घरून येताना तो पुस्तकं विसरला होता, पाटा-वरवंटा नाही.

माझ्या खोलीतला सिद्धलिंग मात्र असल्या कशाच्या वाटेला जायचा नाही. चहासुद्धा तो दुधाचा रंग जेमतेम बदलेल इतकाच घालून प्यायचा. त्या वर्षी त्याचं लग्न जुळत आलं होतं. नळदुर्गच्या शरणप्पांची धाकटी मुलगी महानंदा. सिद्धलिंगनं तिला पाहिलं नव्हतं. ती मॅट्रिक झालीय आणि खळखळून हसते, एवढं कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर तो भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर बघायला लागला होता.

शरणप्पांची अट एकच होती. हुंडा, जमीन, पत्रिका, कशाचीच तक्रार नाही. जावई नशापाणी करणारा नको. कारण थोरल्या जावयानं शिवरात्रीला सासुरवाडीत भांग घेतली आणि विहिरीच्या काठावर बसून बेडकांची ग्रामपंचायत निवडली. त्यातला एक बेडूक बिनविरोध निवडून आला म्हणून हा रडत बसला. तेव्हापासून शरणप्पा जावई पारखून घेत होते.

त्याच सुमारास कॉलेजात वादविवाद स्पर्धा लागली. विषय, ‘विद्यार्थ्यांनी मादक पदार्थांपासून दूर राहावे’. दूर राहायला सगळे तयार होते. विरुद्ध बाजूनं बोलायला कुणीच उभं राहीना, म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. भांगेच्या बाजूची चिठ्ठी सिद्धलिंगला निघाली आणि विरोधातली वीरभद्रला.

आणि ऐन स्पर्धेच्या दुपारी शरणप्पा ओळखीच्या लॉरीतून उतरले. कळवलं नव्हतं. कळवून गेलं की पोरगं शहाणं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सभागृहात माझ्याशेजारी बसवलं. सिद्धलिंग तेव्हा व्यासपीठावर होता.

सिद्धलिंग जे करतो ते मन लावून करतो. भांगेनं बुद्धी तल्लख होते, स्मरणशक्ती वाढते, माणूस पहाटे आपोआप उठतो, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. शरणप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"हा आमचा जावई का?"

"अप्पा, ते त्याचं मत नाही. चिठ्ठी निघाली म्हणून बोलतोय."

"उद्या बापाविरुद्ध चिठ्ठी निघाली तर?"

"स्पर्धा असेल तर बोलेल."

हे उत्तर देताना मला वाटलं मी सिद्धलिंगची बाजू सावरतोय.

मग वीरभद्र उठला. सकाळीच घेतलेली असल्यानं त्याला सभेची भीती बिलकुल नव्हती. व्यसनानं खंगलेला मुलगा, त्याची वाट बघत उंबऱ्यावर बसलेली आई, असं त्यानं उभं केलं. तेरला त्याची आई धडधाकट होती आणि उंबऱ्यावर बसायला तिला सवड नव्हती. तरी मागच्या बाकावर त्याचीच दोन गिऱ्हाइकं डोळे पुसत होती. बक्षीस वीरभद्रला मिळालं.

शरणप्पांनीही डोळे पुसले आणि मला विचारलं, "ह्या पोराचं लग्न झालंय का?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

जेवायला मेसमध्ये पंगत बसली. शरणप्पांनी वीरभद्रला मुद्दाम समोर बसवलं. सिद्धलिंग माझ्या बाजूला, भाकरीचा तुकडा तसाच हातात.

"अप्पा, मी आजवर तोंडाला लावली नाही," तो म्हणाला.

"मग एवढं गोड कसं बोललास?"

"तयारी केली होती."

"तोंडाला न लावता? बरं, भांग करत्यात कशी, सांग बघू."

सिद्धलिंगनं विचार केला. "पानं उकळायची. चहासारखी. मग गाळून वरून लिंबू पिळायचं."

वीरभद्रचा घास वाटेत थांबला. "लिंबू?"

मी त्याच्या ताटात घाईघाईनं आमटी वाढायला लागलो.

"अरे, लिंबानं उतरते ती. तुला चढवायची आहे का उतरवायची? आणि उकळतात होय? पानं धुवायची, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत. मग बडीशेप, खसखस, मिरे घालून वाटायची. वरवंटा उचलला की खालचा पाटासुद्धा उचलला गेला पाहिजे, इतकी चिकट. म्हणे चहा."

आमटी ताटाबाहेर चालली होती.

शरणप्पा सावकाश म्हणाले, "मिरे अखंड का कुटून?"

"कुटून."

"चुकलास. अखंडच टाकायचे पाट्यावर. कुटल्यानं वास मरतो."

"अप्पा, अखंड टाकले तर वरवंटा घसरतो."

"हात कच्चा असंल तर घसरतो."

पुढं वेलदोड्यावर बराच वाद झाला. दुपारच्या वादापेक्षा हा फारच वरच्या दर्जाचा होता, आणि यात दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. शरणप्पांचा चेहरा उजळला होता. सिद्धलिंगचा उतरत चालला होता. त्याला वाटलं, गेली महानंदा.

हात धुताना शरणप्पांनी वीरभद्रच्या पाठीवर थाप मारली. "शिवरात्रीला नळदुर्गला यायचं. न आलास तर म्या लॉरी धाडीन."

"येतो की अप्पा."

"ये. पण पोरगी तुला न्हाय द्यायची. घरात भांग समजणारा एक पुरे हाय, तो म्या."

मग ते सिद्धलिंगकडं वळले. "पोरगी ह्याला. लिंबू पिळणारा माणूस आयुष्यात कधी बेडकं मोजत बसायचा न्हाय."

सिद्धलिंगनं खाली वाकून पाया पडायला सुरुवात केली आणि बराच वेळ उठलाच नाही.

"ऊठ. आधी माझ्या पोरीबद्दल दोन शब्द बोलून दाखव. तिच्या आईला जाऊन सांगाया पायजे."

"अप्पा, मी अजून तिला पाहिलंच नाही."

"भांग तरी कुठं पाहिली होतीस? बोल."