चालू ठेवलेला एक नंबर

ज्योत्स्नाने आपला फोन सुगतच्या ताटाशेजारी ठेवला आणि पडद्यावरच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"हे काय आहे?"

सुगतने घास हातात तसाच धरून पाहिलं. "चौसष्ट."

"ते मलेबी वाचता येते. शंभरातले चौसष्ट काहून? कुलदीप सरच्या पोराले सत्त्याण्णव आहेत."

"परीक्षा थोडीच आहे आई ते."

वलगावच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला असं सांगून उपयोग नव्हता. ज्योत्स्ना भाजीलाही मार्क द्यायची आणि पाहुण्यांनाही, आणि पाहुणे उठून गेले की ते जाहीर करायची. पण या मार्कांची गोष्ट वेगळी होती. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अकोल्याहून परतताना, मुर्तिजापूरच्या अलीकडे, सुगतची गाडी दुभाजकावर चढली होती. डाव्या हातात स्टीलची पट्टी बसली, फोनचा चक्काचूर झाला. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, असं सुगतने दवाखान्यात सांगितलं. त्या रस्त्यावर रोही आडवा येतो हे अमरावतीत कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

तरीही नवा फोन आल्यावर ज्योत्स्नाने तो आधी शाळेत नेला आणि संगणक शिकवणाऱ्या कुलदीप सरांकडून त्यात अ‍ॅप टाकून घेतलं. गाडीने वीसचा वेग ओलांडला की फोन गप्प. आलेले मेसेज आतल्या आत थांबणार, पाठवणाऱ्याला 'गाडी चालवतोय' असं आपोआप उत्तर जाणार, आणि दर रविवारी आठवड्याचे मार्क आईच्या फोनवर येणार. सुगतने कुरकुर केली नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तो मातीचे नमुने तपासायचा. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि रेल्वेची वेळ ड्युटीशी जुळत नव्हती.

"कोनाशी बोलून राहिला तू गाडी चालवता चालवता?"

"कोनाशीच नाई."

"मंग मार्क कोनं कापले?"

समोर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, वरणाची वाटी उगाचच जवळ ओढली. पोस्टात जन्म गेल्यामुळे दुसऱ्यांच्या निरोपात तोंड घालायचं नाही, अशी त्यांना सवय होती. सुगत पाणी पिऊन उठला आणि गाडी धुवायला अंगणात गेला.

ज्योत्स्नाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा, स्थळं दाखवली की मान फिरवतो. अकोल्यात कोणीतरी असणार. असेना का, तिची ना नव्हती. पण चालत्या गाडीत जिला धीर धरवत नाही, ती कसली पोरगी? अशी सून मला नको, असं तिने भांडी आवरता आवरता ठरवूनही टाकलं.

मग हात पुसून ती पलंगावर बसली आणि तिने तो आकडा दाबला. पेपर तपासणाऱ्या बाईला मार्क नेमके कुठे कापले ते पाहायचंच होतं. आकड्याखालून लांब यादी उघडली. चालत्या गाडीत वाचलेले मेसेज, तेहतीस. वार, वेळ, गाडीचा वेग आणि शेवटच्या रकान्यात नाव. सगळ्या ओळींत एकच नाव होतं. आई.

तिला आधी वाटलं, अ‍ॅप बिघडलं. मग कुलदीप सरांच्या खोलीतली ती दुपार आठवली. "मॅडम, अडीअडचणीसाठी एक नंबर चालू ठेवता येतो. कोनाचा टाकू?" त्यावर ती हसलीसुद्धा होती. आईचा नंबर कोणी बंद करतं का, असं म्हणून तिने स्वतःचा नंबर तोंडपाठ सांगितला होता.

तिने आपले मेसेज काढून वेळा ताडून पाहिल्या. 'निघाला का?' वेग ४६. 'बोरगाव गेलं का?' वेग ७९. 'चहा पेला का?' वेग ७२. बुधवारी संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी, 'मेथी टाकू का वांगे?' वेग ८४. आणि खाली सुगतचं उत्तर, 'वांगे'.

बुधवारी वांगी छान झाली होती. सुगतने दोनदा वाढून घेतली होती.

मेसेज मागे मागे सरकवत ती दिवाळीनंतरच्या त्या दिवसापर्यंत गेली. संध्याकाळी सहा पंचावन्न, 'कुठं आला?' खाली उत्तर नव्हतं. शेजारी दोन निळ्या खुणा होत्या. वाचल्याच्या.

फोन पाठीमागच्या सीटवर बॅगेत होता, असं सुगतने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. तो फोन नंतर कधीच सुरू झाला नाही. मग हा मेसेज वाचला कधी?

ती अंगणात आली. सुगत उजव्या हाताने समोरची काच पुसत होता.

"सुगत, तो रोही नव्हता ना?"

"होता."

"मंग माहा मेसेज कोनं वाचला?"

फडकं काचेवर तिथेच थांबलं.

"उत्तर नाई देलं का तू दहा मिनिटांनं फोन लावतं," तो म्हणाला. "मंग बाबाले लावतं, मंग माह्या हापिसात लावतं. त्यापेक्षा दोन शब्द लिवलेले बरे."

"सांगतलं काहून नाई मले?"

"सांगून काय झालं असतं? हात तर मोडलाच होता." त्याने फडकं बादलीत पिळलं. "तुले झोप आली नसती, आई."

ज्योत्स्नाला मोठ्याने रडावंसं वाटलं. शेजारच्या गच्चीवर माणसं होती म्हणून ती आत गेली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने कुलदीप सरांना न विचारता, आपल्याच फोनवरून, अ‍ॅपमध्ये चालू ठेवलेला आपला नंबर काढून टाकला. अ‍ॅपने विचारलं, 'खात्री आहे?' तिने 'हो' दाबलं आणि पुढच्या तासाला पोरांना अपूर्णांक शिकवले. ते नीट जमले नाहीत.

सहा वाजता सुगत अकोल्याहून निघाला असणार. तिने कणीक मळली. सव्वासहाला डबे पुसायला काढले. साडेसहाला फोन कपाटात साड्यांखाली ठेवला, पावणेसातला काढला, 'कुठं' एवढं लिहिलं आणि पुसलं. अंगणात जाऊन आली, मागच्या दारी जाऊन आली, नळ बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. तिला भीती वाटत होती. ही भीती रोजचीच होती, पण आजवर ती अर्ध्या तासाच्या वर कधी एकटीने सांभाळली नव्हती. ती सुगतच्या हातात देऊन मोकळी व्हायची, त्याचे हात स्टेअरिंगवर असताना.

साडेसातला ती पुढच्या पायरीवर येऊन बसली. आत टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या.

"ज्योत्स्ना," भगवंतरावांनी आतून विचारलं, "कुठं आला सुगत?"

"माहीत नाई."

"इचारलं नाई का?"

"नाई. आता इचारनार बी नाई गाडीत असला का."

टीव्हीचा आवाज बंद झाला. थोड्या वेळाने भगवंतराव गुडघ्यावर हात देत बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि तसाच हातात ठेवला.

"त्या दिवशीबी मीच इचारलं होतं तुले," ते म्हणाले. "तू तं स्वयंपाकात होती. मीच म्हटलं, पाय बरं कुठं आला तं."

ज्योत्स्नाने त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

"तुमाले माहीत होतं?"

"रोही नव्हता हे दवाखान्यातच समजलं होतं मले."

कोपऱ्यावरून एका गाडीचे दिवे वळले. दोघंही अर्धवट उठले. गाडी तशीच पुढे निघून गेली, आणि दोघं पुन्हा पायरीवर बसले.