रिकामं पुजायचं नसतं

दसऱ्याच्या सकाळीच विनिता आणि भूपेशची जुंपली. कारण नेहमीचंच, रिव्हॉल्वर. मानकोलीच्या बाजूची भातजमीन गोदामवाल्यांना गेली, भूपेश शेलारच्या घरापुढं दोन डंपर उभे राहिले आणि त्याच्या कमरेला लायसनची रिव्हॉल्वर आली. मग गावात कुणाचीही हळद असो, हा नाचता नाचता हवेत बार काढणार आणि लोक मोबाइल धरून शिट्ट्या मारणार. निवडणूक लागली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेवढे दिवस काय ती विनिताला शांत झोप. बाकी वर्षभर ती त्या वस्तूला हात लावत नसे, आणि भांडायची मात्र आळी गोळा होईपर्यंत.

"पूजेला मांड, न्हायतर डोक्यावं घेऊन नाच," ती म्हणाली, "पन घरान भरलेली ठेवाची न्हाय. पोरगी हाय घरान."

भूपेश हसला. त्याला बायकोच्या भीतीची भारी गंमत वाटायची. "हात कर," म्हणत त्यानं रिव्हॉल्वर उघडली आणि गोळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या. "बग, झाली रिकामी. आता तरी गप ऱ्हाशील?"

विनितानं एकेक गोळी चाचपून कपाटाच्या खणात टाकली आणि कपाट लावलं. किल्ली नेहमीसारखी सासूच्या, गोदूबाईच्या कमरेला गेली.

पुढचं विनिताला फार उशिरा कळलं, पण ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. ती आत पुऱ्या तळत होती तेव्हा गोदूबाईनं धाकट्या मुलाला, प्रितेशला हाक मारली. पाटावर विळे, कोयता, डंपरच्या चाव्या आणि मधोमध रिव्हॉल्वर मांडली होती. कलशात पाणी हवं, ओटीत तांदूळ हवेत, देवापुढं रिकामं काही ठेवायचं नाही, हे म्हातारीनं जन्मभर पाळलेलं.

"ती बंदूक रिकामी हाय रं. अशी पूजली तं घराला बरकत न्हाय. भर ती. सांजेला काढून ठेव."

तिनं किल्ली दिली, प्रितेशनं गोळ्या भरल्या. कुणाला सांगावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. त्यांच्या लेखी ते नैवेद्य दाखवण्याइतकं साधं काम होतं.

आरती झाली. गोदूबाई आपट्याची पानं घेऊन शेजारी गेली, प्रितेश अंगणात डंपरला झेंडूची माळ बांधायला लागला. घरात भूपेशला रील काढायची हुक्की आली. लेकीनं, मनालीनं, मोबाइल धरला आणि गोळ्यांच्या आवाजाचं एक गाणं लावलं. भूपेशनं पाटावरची रिव्हॉल्वर उचलून विनिताच्या हातात कोंबली.

"मना नको ती," विनिता रिव्हॉल्वर परत द्यायला लागली.

"आगो, तुझ्याच हातावं ओतल्या ना गोल्या? मग भितंस कनाला? धर माझ्यावं. डॉनची बायको दिस जरा."

"मम्मी, एकदाच," मनाली म्हणाली. "किती मस्त दिसेल."

विनिताला वाटलं, सणाचा दिवस, सकाळी उगाच तोंड सोडलं आपण. नवरा एवढं म्हणतोय. आणि गोळ्या तर आपणच आत टाकल्या. ती लाजून हसली. भूपेशनं छाती पुढं काढली.

"दाब आता."

तिनं दाबलं.

आवाज ऐकून प्रितेश धावत दारात आला. त्यानं खाली पडलेल्या भावाकडं पाहिलं, वहिनीच्या हाताकडं पाहिलं आणि तिथंच मान खाली घातली. गोदूबाई आली ती छाती पिटतच. पोलीस आले तेव्हा विनिता तिच्यापुढं हात जोडून बसली होती.

"आई, मी कपाटान ठेवल्या व्हत्या. किल्ली तुमच्याकं हाय. सांगा ना यांना."

गोदूबाईनं किल्ली मुठीत धरली. "रोज भांडायची हो माझ्या पोराशी," ती पोलिसांना म्हणाली. "सगल्या आलीला विचारा."

आळीनंही तेच सांगितलं. आळी काही खोटं बोलली नाही. गोळ्यांवर विनिताच्या बोटांचे ठसे निघाले; बाकीचे पुसट होते, ते कुणी धरले नाहीत. पप्पांनीच दाबायला सांगितलं, असं मनाली रडून सांगत होती, पण गोळ्या कुणी भरल्या हे त्या लेकराला कुठं ठाऊक? वर तो व्हिडिओ. कुणी मेल्यानं त्याला नवं गाणं जोडून भिवंडीभर फिरवला. बाई बघा, हसत हसत नवऱ्याला मारते, असं लोक म्हणाले आणि पुढं पाठवत राहिले.

दिवाळीनंतर गोदूबाई तुरुंगात भेटायला आली. मधे जाळी होती.

"प्रितेशनं भरल्या. मीच सांगितलेला," तिनं सरळ सांगून टाकलं. "पूजेला रिकामी नको म्हनून."

विनितानं जाळी घट्ट धरली. "मग सांगा ना आई. कोर्टान सांगा."

"एक पोर गेला. दुसरा कशी घालवू?" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरंच होतं. "तुझ्यावं माझा राग न्हाय गो."

विनिताला वाटलं, जाळीतून हात घालून हिचा गळा धरावा. पण लेक हिच्याच घरात होती. तिनं जाळी सोडली.

"मनाली कशी हाय?"

"बरी हाय. तिची कालजी करू नको. घरान मोठा बाप्या न्हाय ऱ्हायला, म्हनून प्रितेशनं बंदुकीच्या लायसनचा अर्ज टाकलाय. तवर छर्‍याची आनलीय, मनालीलाबी चालवाला शिकवतंय." गोदूबाईनं पदरानं डोळे पुसले. "तुझ्यासारखी भित्री न्हाय ही पोर."