चव्वेचाळीस नंबरचा कोट

शवागाराच्या कारकुनाने थोरल्याला एवढंच सांगितलं, की भावाच्या अंगावर घालायला कपडे आणा, पेटी उद्या सकाळी बंद होईल. देश परका, भाषा तोडकीमोडकी. तरी या एका कामाची त्याला धास्ती नव्हती. वीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस तो, आणि धाकट्याचं माप त्याला तोंडपाठ होतं. छाती चव्वेचाळीस. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानेच फोनवर सांगितलं होतं.

कपड्यांच्या दुकानात दुकानदाराने कोट पुढे ठेवला तेव्हा थोरल्याने तो हातातही घेतला नाही. शिंप्याच्या नजरेला टेप लागत नाही. कोट एखाद्या शाळकरी पोराचा वाटत होता.

"मी चव्वेचाळीस मागितला."

दुकानदाराने आतली चिठ्ठी दाखवली. चव्वेचाळीसच. थोरला चिडला, परका बघून हा आपल्याला टोपी घालतोय असं त्याला वाटलं. दुकानदाराने मात्र शांतपणे टेप काढला.

"आमच्याकडे छाती सेंटीमीटरात मोजतात आणि त्याच्या निम्मा नंबर लावतात. चव्वेचाळीस म्हणजे अठ्ठ्याऐंशी."

मग त्याने टेप उलटा केला. मागे इंच होते. जेमतेम साडेचौतीस.

घरून निघाला तेव्हा धाकट्याची छाती अडतीस इंच होती. जाताना अंगात होता तो शर्ट थोरल्यानेच बेतलेला.

थोरला तिथल्याच स्टुलावर बसला. तो फोन त्याला शब्दन् शब्द आठवला, आणि आठवू नये असं फार वाटलं.

"दादा, मला आता चव्वेचाळीस नंबर लागतो."

"अरे वा, तिकडचं पाणी मानवलं म्हणायचं! आई, ऐकलंस का? तुझा काडीपैलवान चांगला फुगलाय."

आई खूप दिवसांनी मनमोकळं हसली होती. पलीकडून धाकटा म्हणाला, "दादा, परत येऊ का?"

"खुळा का तू? छोटीचं लग्न होऊ दे. काढ अजून दोन वर्षं. तब्येत तर झकास झालीय."

रडगाणं गाणाऱ्यातला नव्हताच तो. नुसता आकडा सांगितला, आणि थोरल्याने तो स्वतःच्या इंचांत ऐकला. साऱ्या जगाला आपलाच टेप लावायची खोड. धाकट्या बहिणीचं, छोटीचं लग्न थाटात झालं. धाकटा गोदामात खोकी उचलताना कोसळला. दुखणं जुनं होतं, डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"मिळाले का रे कपडे?"

"मिळतायत."

"चव्वेचाळीसचेच घे हो. घट्ट नको व्हायला. भरल्या अंगाचा झाला होता माझा लेक, तेवढं तरी मला डोळ्यांनी बघू दे."

थोरल्याने छप्पन्न नंबरचा, म्हणजे आपल्या चव्वेचाळीस इंचांचा कोट घेतला, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानातून कापसाची दहा बंडलं. शवागारात तो सुई-दोरा घेऊन भावाजवळ बसला. आधी खांदे भरले, मग छाती, मग बाह्या. हात सवयीने चालत होते याचीच त्याला किळस आली. कारकून दोनदा डोकावला आणि निघून गेला.

घरी पेटी उघडली. छोटी हंबरडा फोडून दाराशीच बसली. माझ्यामुळे राहिला तो, माझ्यामुळे, एवढंच म्हणत होती. आईने धाकट्याच्या छातीवर हात ठेवला. हात तिथेच थबकला. थोरल्याच्या दुकानात बसून तिने वीस वर्षं कोटांतून कापूस भरला होता. तिने जरा दाबून पाहिलं आणि थोरल्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

आईने कोटाचं वरचं बटण नीट लावलं.

"इकडे ये, छोटे," ती म्हणाली. "बघ, अंगानं कसा भरला होता. काही कमी नव्हतं त्याला तिकडे."

छोटीने पाहिलं आणि मान डोलावली.

"पेटी लाव आता," आई थोरल्याला म्हणाली. या वेळी तिने त्याच्याकडे बघितलं नाही.