चिमूटभर झिंगे

आमच्या लिंगायताच्या घरात मासा कधी ताटातसुद्धा आला न्हाय. आणि माझ्या पोरानं, रुद्रेशनं, नळदुर्गच्या घरात बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. मी लई तणतणलो. शेवटी एका अटीवर गप बसलो. मासे ठेव, पण त्यांच्यासाठी मांसमच्छी उंबऱ्याच्या आत यायची न्हाय. "बरं अप्पा," म्हणाला. शब्द दिला त्यानं.

दिवाळीनंतर त्यानं हैदराबादहून एक मासा आणवला. कँडी बासलेट म्हणे. समुद्रात दोनशे फूट खोल, अंधाऱ्या कपारीत राहणारा. अंगठ्याएवढा जीव, पिवळ्या अंगावर जांभळ्या रेघा. त्याच्यासाठी पाणी गार ठेवायचं मशीन, मंद निळा दिवा. दोन वर्षं वाट बघितली होती पोरानं. मी म्हणलं, "मासा आणलास का जावई?"

पण खरं सांगतो, मलाच त्याचा लळा लागला. सकाळी लिंगपूजा उरकली की मी टाकीपुढं खुर्ची टाकायचो. तो दगडाच्या फटीतनं तोंड काढून मला न्याहाळायचा. दुसरं कुणी आलं की आत. म्हणजे मला ओळखतच होता की.

एक दिवस ताक घ्यायला फ्रिज उघडला, तर भांड्यामागं एक डबा. आत बर्फात गोठवलेले बारीक झिंगे. पूजेचं दूध त्याच फ्रिजात. माझं डोकंच फिरलं. डबा नेऊन उकिरड्यावर फेकला, आणि रुद्रेश बँकेतनं आल्या आल्या दारातच त्याला फैलावर घेतलं.

"चुकलं अप्पा. पण तो कोरडं खातच नाही."

"भूक लागली की खाईल झक मारत."

"बरं अप्पा," म्हणाला, आणि डबा पुन्हा आणला न्हाय.

रोज कोरडे दाणे टाकायचा, ते तळाला जाऊन कुजायचे. मग मीच अक्कल पाजळली. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून टाकली. आमच्या मंडळी, पार्वतम्मा, म्हणाल्या, "अहो, त्याला आपली जात सांगितलीय का कुणी?" मासा खंगत गेला, पोट पार खपाटीला गेलं. तिसऱ्या आठवड्यात मी खुर्चीवर बसलो तरी बाहेर येईना.

मग मला राहवलं न्हाय. कुणाला न सांगता एसटीनं सोलापूर गाठलं. सदुसष्ट वर्षांत मासळी बाजारात पहिल्यांदा पाय ठेवला. कपाळावरची विभूती पुसायचंही सुचलं न्हाय. झिंगेवालीनं विचारलं, "किती देऊ काका?"

"चिमूटभर."

ती हसली. "एवढ्यानं काय होतंय? पाहुणे आलेत का?"

"घरातलंच एक उपाशी हाय," म्हणलं. तिनं बर्फ घालून पिशवी बांधून दिली.

घरी आलो, तर टाकीचा दिवा बंद. मशीनही बंद. रुद्रेश ओल्या हातानं उभा होता, आणि हातातल्या जाळीत तो. पिवळा रंग पार उतरलेला. मी नुसती पिशवी पुढं धरली. तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

त्यानं पिशवीत बघितलं, मग माझ्याकडं.

"अप्पा, हे बाहेर ठेवा," तो हळूच म्हणाला. "आपल्या घरात चालत नाही."

टोमणा न्हवता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. पोरगं अजूनही माझ्याच अटीला जागत होतं. मी पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर गेलो, आणि तिथंच बसून राहिलो.